औलियांचा शेजार : खुलदाबाद येथील कबरी

दौलताबादचा किल्ला मागे टाकून वेरूळकडे जाणारा रस्ता घाट चढून ज्या पठारावर येतो, त्या पठारावर खुलदाबाद हे तटबंदीचे जुने गाव वसलेले आहे. तालुक्याचे ठिकाण असले, तरी त्याची वस्ती पंधरा हजारांच्या आसपासच आहे. चौदाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत दख्खनच्या राजकारणात आणि विद्याव्यवहारात ज्यांनी मोठी भूमिका बजावली, अशा इतक्या माणसांच्या कबरी महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही लहान गावात क्वचितच सापडतील. मोगल बादशहा औरंगजेब, निजामशाहीचा अखेरचा समर्थ कारभारी मलिक अंबर, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन, हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजामुल्मुल्क आणि त्याचा मुलगा नासिरजंग, तसेच फार्सीचे कवी अमीर हसन आणि अरबी-फार्सीचे पंडित आझाद बिलग्रामी यांचे दफन याच पठारावर झाले. यांतील कोणाचाही जन्म येथे झाला नव्हता आणि हे गाव कोणाची राजधानीही नव्हते. राजा आपल्या राजधानीत, पूर्वजांच्या शेजारी, घुमटाखाली पुरला जावा हा त्या काळचा सर्वसाधारण रिवाज होता, आणि खुलदाबाद त्याला ठळक अपवाद ठरते. या अपवादाचे कारण गावातील सूफी संतांच्या दर्ग्यांत आहे, कारण पुढच्या चारशे वर्षांतील सत्ताधाऱ्यांनी आणि विद्वानांनी येथे आपल्यासाठी जागा मागितली ती या संतांच्या शेजारची.

गावाचे जुने नाव रौझा. फार्सीत या शब्दाने बाग सुचते आणि थोर पुरुषाची समाधीही, आणि औलियांच्या समाध्यांचे गाव या अर्थाने ते नाव रूढ झाले होते. औरंगजेबाला मृत्यूनंतर ‘खुल्द-मकान’, म्हणजे ज्याचे निवासस्थान स्वर्गात आहे असा, ही पदवी दिली गेली आणि तिच्यावरून गाव खुलदाबाद झाले. गावाचे नाव बादशहावरून पडल्यामुळे कबरस्तानाची सुरुवातही त्याच्यापासूनच झाली असावी असा समज सहज होतो, परंतु औरंगजेब येथे येण्यापूर्वी जवळजवळ चारशे वर्षे हे गाव दफनभूमी म्हणून मान्यता पावलेले होते.

या मान्यतेचा उगम दिल्लीत आहे. हजरत निजामुद्दीन औलिया हे चिश्ती संप्रदायाचे तेथील थोर संत 1325 मध्ये वारले. गुरूपासून शिष्याकडे चालत येणाऱ्या सूफी परंपरेला ‘सिलसिला’ म्हणतात. चिश्ती सिलसिल्याचे वैशिष्ट्य असे की, ईश्वरभक्तीच्या वाटेवर त्याने संगीताला, म्हणजे ‘समा’ या गायनसभेला, मोठे स्थान दिले आणि राजदरबारापासून अंतर राखणे हे संताचे कर्तव्य मानले. तरीही राजाश्रय पूर्णपणे टाळणे कोणालाच जमले नाही, हे खुलदाबादच्या इतिहासावरूनच दिसून येते. निजामुद्दीनांच्या शिष्यांपैकी मुंतजबुद्दीन हे आधी दख्खनेत आले आणि 1309 मध्ये येथेच निवर्तले. सोने देणारा दाता अशा अर्थाच्या ‘जर जरी जर बक्ष’ या नावाने त्यांना लोक ओळखतात. 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन दिल्लीतील अमीर, उलेमा आणि सूफी यांना तेथे जाण्यास भाग पाडले, आणि त्या स्थलांतरात मुंतजबुद्दीनांचे थोरले बंधू बुरहानुद्दीन गरीब हेही आले. दिल्लीकरांना ही सक्ती जाचली आणि काही वर्षांनी पुष्कळजण परतले, पण बुरहानुद्दीन दख्खनेतच राहिले, 1337 मध्ये वारले आणि दौलताबादजवळच्या या पठारावर त्यांचे दफन झाले. तेव्हा दख्खनमधील या पहिल्या मोठ्या सूफी केंद्राचा पाया एका सुलतानाच्या फसलेल्या राजधानीने घातला, असे म्हणावे लागते.

मुंतजबुद्दीनांबरोबर सातशे आणि बुरहानुद्दीनांबरोबर चौदाशे औलिया पालख्यांतून आले, अशी स्थानिक परंपरा आहे, आणि काही कथांत तर हे संत लढवय्ये धर्मवीर म्हणून वावरतात. बुरहानुद्दीनांची संभाषणे त्यांच्या शिष्यांनी हयातीतच टिपून ठेवली होती. अशा संग्रहाला ‘मल्फूजात’ म्हणतात आणि ‘अहसनुल अक्वाल’ व ‘नफाइसुल अन्फास’ हे त्यांतील महत्त्वाचे ग्रंथ होत. त्यांत दिसणारे बुरहानुद्दीन साधना, शिष्याचे वर्तन, उपास आणि समा यांवर बोलतात. त्यांच्या हाती तलवार कोठेही दिसत नाही. अमेरिकी अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, लढवय्या संताची ही प्रतिमा नंतरच्या काळात घडली हे समकालीन मल्फूजातींच्या आधारे दाखवून दिले. चौदाशेचा आकडाही इतिहासापेक्षा श्रद्धेच्या हिशेबात धरलेला बरा, मात्र दिल्लीहून आलेल्या माणसांचा एक मोठा समुदाय या डोंगरावर विसावला एवढे तथ्य त्यामागे आहेच.

त्या समुदायातील सर्वांत नामवंत लेखक म्हणजे अमीर हसन सिज्झी. अमीर खुस्रोंचे ते मित्र आणि गुरुबंधू होते, त्यांच्या गझलांमुळे त्यांना हिंदुस्थानचा सादी म्हटले जाई, परंतु त्यांचे खरे चिरंतन काम गद्यातले आहे. 1308 ते 1322 या काळात निजामुद्दीन औलियांच्या बैठकींत ऐकलेले त्यांनी ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथात नोंदवले, आणि पुढे मल्फूजात लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर हाच नमुना राहिला. खुस्रो दिल्लीत गुरूच्या पायाशी पुरले गेले. हसन मात्र राजधानीबरोबर दौलताबादला आले आणि बुरहानुद्दीनांच्या सुमारासच वारल्यावर रौझ्यात विसावले. एकाच गुरूच्या दोन कवी-शिष्यांच्या कबरींमध्ये असे सुमारे हजार किलोमीटरांचे अंतर पडले. हसन यांच्या कबरीवर ठेवलेली साखर चाखल्यास मुलांची वाणी व बुद्धी सुधारते, ही समजूत गावात पुढे दीर्घकाळ टिकली.

मृत संताच्या शेजाराला इतके मोल का, हे समजण्यासाठी ‘बरकत’ ही कल्पना ध्यानात घ्यावी लागते. बरकत म्हणजे संताच्या ठायी असलेली कृपाशक्ती, आणि ती त्याच्या देहान्तानंतरही त्याच्या समाधिस्थानी राहते अशी श्रद्धा आहे. संताचा मृत्यू म्हणजे त्याचे ईश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला ‘उर्स’, म्हणजे विवाह, असे नाव पडले, आणि मराठीतला उरूस तो हाच. निवाड्याच्या दिवशी संत आपल्या शेजाऱ्यांसाठी रदबदली करील, ही आशा त्या श्रद्धेलाच जोडलेली होती. ही श्रद्धा व्यक्तीपुरती मर्यादित नव्हती. दौलताबादेत राहून 1350 मध्ये ‘फुतूहुस्सलातीन’ हे इतिहासकाव्य पूर्ण करणाऱ्या इसामीने दिल्लीची भरभराट निजामुद्दीनांच्या आणि दौलताबादची बुरहानुद्दीनांच्या वास्तव्याशी जोडली आहे. ज्या आजोबांसह त्याचे कुटुंब दिल्ली सोडून निघाले, ते वाटेतच वारले होते. स्थलांतराची अशी झळ सोसलेला लेखक शहराचे भाग्य सुलतानाच्या हवाली न करता संताच्या हवाली करतो, यात नवल नाही.

बुरहानुद्दीनांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी हे मूळचे शिराझचे आणि विद्वान गृहस्थ होते. या परंपरेतील बाविसावे गुरू म्हणून त्यांना ‘बाईस ख्वाजा’ म्हणतात. त्यांच्याविषयी फरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकिकत येथील कबरींचा राजकीय अर्थ उलगडते. बहमनी सुलतान पहिला मुहंमदशहा मद्यपानासारखी धर्मबाह्य कृत्ये करतो म्हणून झैनुद्दीनांनी त्याच्याशी निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले, आणि दौलताबादेतील बंड मोडल्यावर सुलतानाने त्यांना शहर सोडण्यास फर्मावले, तेव्हा ते बुरहानुद्दीनांच्या समाधीपाशी जाऊन बसले आणि येथून कोण उठवतो ते पाहू, असा त्यांनी पवित्रा घेतला. सुलतानाला अखेर नमते घ्यावे लागले, असे फरिश्ता सांगतो. हकिकतीतील तपशील नंतर रंगवलेले असू शकतात, पण संताची कबर हे राजाच्या हुकमाबाहेरचे ठिकाण आहे हा विचार लोकांना पटण्याजोगा वाटत होता, एवढे त्यावरून निश्चित होते. 1369 मध्ये झैनुद्दीन उत्तराधिकारी न नेमताच वारले आणि गुरुपरंपरेची ती साखळी तेथे थांबली. यापुढे रौझ्याची कीर्ती जिवंत गुरूवर अवलंबून राहिली नाही; ती पूर्णतः कबरींची, त्यांची सेवा करणाऱ्या मुजावरांची आणि त्यांना लावून दिलेल्या इनामांची झाली.

इनामे देणाऱ्यांत खानदेशचे फारूकी सुलतान आघाडीवर होते. या घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा झैनुद्दीनांचा शिष्य मानला जातो, आणि त्याचा मुलगा नसीरखान याने तापीच्या एका काठावर बुरहानपूर आणि समोरच्या काठावर झैनाबाद वसवून दोन्ही शहरांना रौझ्यातील दोन संतांची नावे दिली. 1631 मध्ये बुरहानपुरास मुमताजमहलचे निधन झाल्यावर आग्र्याला नेण्यापूर्वी तिचे तात्पुरते दफन याच झैनाबादेतील बागेत झाले. ज्या संताच्या नावाच्या बागेत आईला काही महिने ठेवले गेले, त्याच्याच दर्ग्यात शहात्तर वर्षांनी मुलाचे, म्हणजे औरंगजेबाचे, कायमचे दफन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध जोडता येत नाही, परंतु चिश्ती संतांची नावे दख्खनच्या भूगोलात किती खोल रुजली होती हे त्यांवरून लक्षात येते.

सतराव्या शतकात येथे विसावलेल्यांपैकी मलिक अंबर मराठी वाचकाला सर्वांत परिचित आहे. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, पश्चिम आशियातून दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चिंगीजखान याच्या पदरी वाढला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर त्याने निजामशाहीच्या एका वारसाला गादीवर बसवून सव्वीस वर्षे राज्य टिकवून धरले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ नावाजली गेली, त्याने 1610 च्या सुमारास वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आणि त्याच्या गनिमी युद्धपद्धतीत मराठे सरदार मुरले. मालोजी भोसल्यांचे वेरूळ खुलदाबादच्या पायथ्याशीच आहे, आणि 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले होते. जहांगीर बादशहाचा या हबशावर एवढा राग होता की, त्याच्या चित्रकाराने भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मस्तकावर बादशहा बाण सोडत असल्याचे चित्र काढले. प्रत्यक्षात ते मस्तक मोगलांच्या हाती कधीच लागले नाही आणि 1626 मध्ये अंबर वार्धक्याने वारला. जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याजवळची त्याची घुमटदार दगडी कबर त्याने हयातीतच बांधवून घेतली होती, आणि शेजारची लहान वास्तू त्याची पत्नी बीबी करीमा हिची आहे. ज्याला ना वंश होता ना वतन, ज्याचे मूळ नावही मालकांनी बदलले, त्याने वडिलोपार्जित दफनभूमीच्या जागी एका संताचा शेजार निवडला, हे त्याच्या परिस्थितीला धरूनच होते.

गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुत्बशहाची, म्हणजे इतिहासातील तानाशहाची, गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या घराण्याचे घुमट गोवळकोंड्याच्या किल्ल्याबाहेर रांगेने उभे आहेत आणि आधीचे कुत्बशहा तेथेच पुरलेले आहेत. 1677 मध्ये शिवाजी महाराजांचे हैदराबादेत स्वागत करणारा आणि मादण्णा-आकण्णा या बंधूंच्या हाती कारभार सोपवणारा हा सुलतान 1687 मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाच्या हाती सापडला, दौलताबादच्या चिनी महालात बारा-तेरा वर्षे कैदेत राहिला आणि तेथेच वारला. त्याचे दफन सय्यद राजू कत्ताल यांच्या दर्ग्यात झाले. राजू कत्ताल हे गुलबर्ग्याचे प्रसिद्ध संत गेसूदराज यांचे वडील, आणि हैदराबादेत तानाशहाचे गुरू असलेले शाह राजू त्यांच्याच वंशातले होते. त्यामुळे राज्य, राजधानी आणि पूर्वजांचे घुमट गमावलेल्या या कैद्याला गुरुघराण्याची जागा मात्र लाभली.

त्याला कैद करणारा औरंगजेब त्याच गावात काही वर्षांनी आला. दख्खन जिंकण्यासाठी 1681 मध्ये उत्तरेतून निघालेला बादशहा पुन्हा परतला नाही आणि 3 मार्च 1707 रोजी अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत, वयाच्या 89 व्या वर्षी वारला. झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या अंगणात आपल्याला पुरावे ही त्याची इच्छा होती आणि तसेच झाले. ‘मआसिर-इ-आलमगीरी’ या समकालीन ग्रंथात त्या कबरीचे वर्णन आहे, त्यानुसार तो लाल दगडाचा जेमतेम तीन गज लांबीचा आणि काही बोटे उंचीचा चौथरा होता, मध्ये पोकळी ठेवून ती मातीने भरली होती आणि तीत सुगंधी वनस्पती लावल्या होत्या. त्याच्या नावे प्रचलित असलेल्या मृत्युपत्रात टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनासाठी वापरावेत आणि कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले 305 रुपये फकिरांना वाटावेत, असे सांगितलेले आहे.

या साधेपणाचे श्रेय केवळ बादशहाच्या विरक्तीला देण्याची प्रथा आहे, ती पूर्णपणे बरोबर नाही. त्याची बहीण जहांआरा 1681 मध्ये वारली, तेव्हा तिचेही दफन दिल्लीत निजामुद्दीनांच्या दर्ग्यात, वर छत नसलेल्या आणि मातीत हिरवळ उगवू दिलेल्या कबरीत झाले होते. संताच्या अंगणात स्वतःचा घुमट उभारणे हा संताचा अधिक्षेप ठरला असता, म्हणून उघडी कबर हा राजघराण्यातील चिश्ती भक्तीचा आधीच मळलेला मार्ग होता. औरंगजेबाला राजस वास्तुकला ठाऊक नव्हती असेही नाही, कारण त्याची पत्नी दिलरसबानू हिच्यासाठी औरंगाबादेत बीबी का मकबरा याच राजवटीत उभा राहिला आणि त्याचा खर्च पावणेसात लाख रुपयांच्या घरात सांगितला जातो. कबरपूजेविषयी कडक मते बाळगणाऱ्या या बादशहाने संताचा शेजार मागावा, यात विसंगती दिसते खरी. पण राज्यकारभारातील धोरण आणि मृत्यूसमोरची आशा यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. अधिक बोचरा विरोधाभास वेगळाच आहे. ज्या झैनुद्दीनांनी एका सुलतानाची निष्ठा नाकारली असे फरिश्ता सांगतो, त्यांच्याच पायरीवर हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य सुलतानाने जागा मागितली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही कबर कधीच तटस्थ वस्तू नव्हती आणि नाही, कारण 1689 मध्ये संभाजी महाराजांना ज्याने हाल करून मारले, त्याची ती कबर आहे. तरीही मोगलांच्या कैदेतून सुटलेल्या शाहू महाराजांनी खुलदाबादेस जाऊन तिचे दर्शन घेतल्याची नोंद मराठी इतिहासलेखनात आहे, आणि वडिलांच्या मारेकऱ्याच्या छावणीत वाढलेल्या त्या राजाची ही कृती आजच्या कोणत्याही एका बाजूच्या घोषणेत बसत नाही. कबरीभोवतीची आजची संगमरवरी जाळी मूळची नव्हे. ती विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झनने लक्ष घातल्यानंतर, निजाम सरकारने बसवली. अर्थात ज्याने आपल्या कबरीवर काही बांधू नये असे ठरवले होते, त्याच्याभोवती संगमरवर आला तो ब्रिटिशांच्या पुरातत्त्वविषयक अभिरुचीमुळे.

आसफजाही घराण्याचे येथील दफन थोडक्यात सांगण्यासारखे आहे. 1728 मध्ये पालखेडला बाजीराव पेशव्यांकडून कोंडीत सापडलेला निजामुल्मुल्क 1748 मध्ये बुरहानपुरास वारला आणि बुरहानुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. 1750 च्या डिसेंबरात जिंजीजवळ आपल्याच पठाण सरदारांच्या फितुरीने मारला गेलेला नासिरजंग त्याच्या शेजारी आहे. औरंगाबाद ही तोवर या घराण्याची राजधानीच होती. ती हैदराबादला गेल्यावर 1803 मध्ये वारलेल्या निजाम अलीपासून पुढच्या निजामांचे दफन तेथील मक्का मशिदीत होऊ लागले आणि खुलदाबादच्या वाट्याला केवळ त्यांची वर्षासने उरली.

मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी यांच्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही, कारण या कबरस्तानाचा पहिला पद्धतशीर अभ्यासक तेच. अवधमधील बिलग्राम येथे 1704 मध्ये जन्मलेले आझाद हजयात्रेहून परतताना दख्खनेत उतरले, औरंगाबादेत पाणचक्कीच्या परिसरातील बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठात, काही वर्षे राहिले, आणि नासिरजंगाच्या सहवासात असूनही दरबारी पद स्वीकारण्याचे त्यांनी टाळले. अरबीत कविता करणाऱ्या हिंदी लेखकांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे मित्र शाहनवाझखान यांचा 1758 मध्ये खून होऊन घर लुटले गेले, तेव्हा विस्कटलेले हस्तलिखित शोधून, जुळवून त्यांनी मोगल सरदारांचा चरित्रकोश ‘मआसिरुल उमरा’ वाचवला. औरंगजेबकालीन आणि त्याआधीच्या मराठे सरदारांविषयी या कोशातून मिळणारी माहिती मराठी इतिहाससंशोधकांना आजही उपयोगी पडते. रौझ्यातील औलियांवर त्यांनी ‘रौझतुल औलिया’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि लोककथांच्या गर्दीत मल्फूजातींचा आधार शोधून कोणाची कबर कोठे आहे, याची नोंद केली. स्वतःसाठी त्यांनी अमीर हसन यांच्या कबरीजवळ जमीन विकत घेतली, तिला ‘आकिबतखाना’, म्हणजे शेवटचे घर, असे नाव दिले आणि 1786 मध्ये ते तेथेच पुरले गेले. बादशहाने आणि निजामाने संत निवडले, तर या पंडिताने साडेचारशे वर्षांपूर्वीचा एक लेखक निवडला.

आज या दर्ग्यांची व्यवस्था वेगवेगळ्या हातांत आहे. औरंगजेबाची कबर राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे, तर दर्ग्यांतील नित्य सेवा, चादर चढवणे आणि फातिहा म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना म्हणणे, हे मुजावरांच्या घराण्यांकडे चालत आलेले आहे. 2025 च्या मार्चमध्ये कबर हटवण्याच्या मागणीवरून राज्यभर वाद पेटला आणि तेथे पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला. गावाच्या स्वतःच्या पंचांगात मात्र मोठे दिवस वेगळे आहेत. रबिउल अव्वल महिन्यात जर जरी जर बक्ष यांचा उरूस भरतो, त्याच महिन्यात ईद-ए-मिलादच्या दिवशी झैनुद्दीनांच्या दर्ग्यात पैगंबरांचा म्हणून जपलेला अंगरखा आणि बुरहानुद्दीनांच्या दर्ग्यात त्यांचा मानला जाणारा केस भाविकांना दाखवला जातो, तर हनुमान जयंतीला गावातीलच भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, रात्रभर चालत आलेल्या भाविकांची रांग लागते.